तळवे वर, बोटं सैल

आधी वास येतो. ओला बांबू, कळक, नुकताच फोडल्यावर सुटतो तो, हिरवा आणि किंचित आंबूस. मग पायांना शहाबादी फरशी गार लागते. मग दार दिसतं, पोपटी रंगाचं, पितळी कडीचं. आपण नऊ वर्षांचे. खांद्यावर आईचा हात. डोक्यावर नवं कोरं सूप, उन्हाला आडोसा म्हणून उलटं धरलेलं, आणि त्याच्या विणीतून उन्हाचे बारीक बारीक चौकोन नाकावर सांडलेले. दार उघडतं. तांब्या घेतलेली एक बाई येते, चेहरा धुक्यातला. ती सूप हातात घेते, तुळशीच्या पानानं त्यावर पाणी शिंपडते, हळदीकुंकवाची बोटं ओढते. चार थेंब आपल्या गालावर येतात. आई काही बोलत नाही. आपल्याला रडू येतं. कशाचं ते कळत नाही, पण गोड असतं ते रडू. मग सगळं पांढरं होत जातं आणि कुठून तरी बासरी ऐकू येते.

ही बासरी कंपनीनं घातली होती.

मोनाली साळुंखेनं डोळे उघडले. एकोणिसाव्या मजल्यावरच्या झोपेच्या खोलीत दुपारचे तीन वाजले होते. निळे पडदे ओढलेले होते आणि बारा आरामखुर्च्यांत बारा माणसं सावकाश जागी होत होती, पाण्याखालून वर आल्यासारखी. प्रत्येकाच्या डोक्याला तारांनी विणलेली मऊ पांढरी टोपी. कागदोपत्री ती ‘सहस्वप्न मुकुट’, पण हनुवटीखाली बंद बांधावे लागायचे म्हणून सगळे तिला टोपडंच म्हणत. विमा कंपनीतली बारा मोठी माणसं टोपडी घालून डोळे पुसत होती.

क्लेम विभागातल्या नेर्लेकर बाई सगळ्यांत आधी उठल्या आणि मोनालीला मिठी मारली. “काय माउली आहे गं तुझी आई! एक शब्द बोलली नाही.”

“माझी आई? गप्प?” मोनाली म्हणाली. “ती झोपेतसुद्धा भांडते हो.”

नेर्लेकर बाईंना तो विनोद वाटला. त्या हसल्या, पाठ थोपटली आणि जाताना म्हणाल्या, “तुझ्या टेबलावर काहीतरी ठेवलंय, बघ.”

टेबलावर काचेच्या बरणीत लकी बांबू होता. आता सात झाले. सत्र संपलं की लोकांना मोनालीला काहीतरी द्यावंसं वाटायचं, आणि बुरडाच्या मुलीला काय द्यावं हा विचार सगळ्यांच्या डोक्यात एकाच जागी येऊन थांबायचा.

आजचं हे एकेचाळिसावं सत्र. मोनाली तोंड धुवायला गेली. आरशासमोर उभी राहून तिनं सहज, यंत्राशिवाय, ती दुपार आठवून पाहिली. दार. तांब्या. थेंब. पुढे काय झालं होतं?

पांढरं. आणि बासरी.

तिनं नळ बंद केला. बासरी बंद झाली नाही.

*

यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथंच आहे.

आपल्याला वाटतं, आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो. हवा तेव्हा काढावा, बघावा, ठेवून द्यावा. तसं नसतं. आठवण गुळाच्या पाकासारखी असते. नुसती पडून असते तेव्हा घट्ट. आपण आठवायला गेलो की पातळ होते. मेंदूतल्या पेशींमधले जोड सैल पडतात, आणि ते पुन्हा बसवायला मेंदूला नवी प्रथिनं बनवावी लागतात. त्याला चार-सहा तास जातात. तेवढ्या वेळात त्या पाकात जे पडेल, ते आठवणीत कायमचं बसतं. शास्त्रज्ञांना हे कधीपासूनच ठाऊक होतं. भीतीनं झोप उडालेल्या माणसांची भीती बोथट करायला त्याचा उपयोग व्हायचा.

मग टोपडं आलं. दुपारच्या उथळ झोपेत ते एका माणसाची आठवण टिपतं आणि तशीच दुसऱ्याच्या डोक्यात पेटवतं: दृश्य, वास, घशातला आवंढा, सगळं. एकच अडचण होती. नुसत्या टिपून ठेवलेल्या आठवणीनं दुसऱ्याचा मेंदू पेट घेत नाही. ज्याची आठवण, तो माणूस शेजारी झोपलेला लागतो. वेल काठीवर चढते तसं बाकीच्यांचं स्वप्न त्याच्या मेंदूवर चढतं. त्यावरून संकलकानं काटछाट केलेली पट्टी फिरवली जाते. म्हणजे काटछाट केलेलं स्वप्न त्या माणसालाही पडतं. दर वेळी. पाक ऐन पातळ असताना.

करारातलं चौदावं कलम होतं, ‘दात्याच्या मूळ स्मृतीत किरकोळ बदल संभवतात.’

आणि हे सगळं कशासाठी? तर समावेशनासाठी. पाचशेहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीला समावेशन निर्देशांक जाहीर करावा लागेल असा नियम झाला होता. आता निर्देशांक वर नेण्याचे दोन मार्ग. एक म्हणजे वेगवेगळ्या घरांतून आलेली माणसं वरच्या मजल्यांवर बसवायची. दुसरा म्हणजे वरच्या मजल्यांवर आधीपासून बसलेल्यांना त्यांची स्वप्नं दाखवायची. कंपनीनं कुठला निवडला हे सांगायला ज्योतिषी नको. वीस मिनिटं झोपायचं, रडायचं, उठून कॉफी घ्यायची, आणि निर्देशांक दीड अंकानं वर.

साळुंखे आडनावावरून मोनालीबद्दल कुणाला काही कळलं नव्हतं. तिनंच अर्जात लिहिलं होतं. रकान्याचं नाव ‘आपला सामाजिक अनुभव (ऐच्छिक)’. आठ वर्षं ती याच कंपनीत पॉलिसी तपासत होती, आणि आठ वर्षांत तिच्या हाताखाली शिकलेले तिघे तिच्या वर गेले होते. त्या दिवशी डोकं फिरलं होतं, म्हणून लिहिलं.

तो अर्ज तिनं परत उघडला. सत्तर अक्षरांची मर्यादा होती. तिनं लिहिलं होतं: ‘आई बुरूड. बारशाचं सूप दिलं. वकिलीणबाईंनी पाणी शिंपडून घेतलं. मग कोयता’

तिथं अक्षरं संपली होती.

मोनाली त्या शेवटच्या शब्दाकडे बघत राहिली. कोयता. शब्द तिचा होता, तिनंच टाईप केलेला. पण तो शब्द वाचून डोळ्यांसमोर काहीच येईना. कोयत्याचं काय झालं होतं? कुणी उचलला होता?

*

संकलन कक्षात कौस्तुभ बसायचा. पंचेचाळिशीचा, मऊ आवाजाचा. लोकांच्या आठवणी कापून कापून त्याला हळू बोलायची सवय लागली होती.

“मला मूळ प्रत बघायचीय,” मोनाली म्हणाली.

“ती सीलबंद असते. आणि तुमच्याकडे आहेच की मूळ.” त्यानं स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं.

“तिथं तुमची बासरी वाजतेय.”

कौस्तुभनं बोट खाली घेतलं.

“हळदीकुंकू कुणी घातलं?” तिनं विचारलं.

“मी.” तो जरा उत्साहानं खुर्चीत पुढे झाला. “कसंय, त्या बाई तांब्या घेऊन दारात आल्या. तुळशीचं पान, पाणी. आमच्याकडे नवी वस्तू घरात घेताना हळदीकुंकू लावतात. मला वाटलं स्वागत चाललंय, आणि तेवढं पुसट झालंय. आठवणीत असे कोपरे पुसट असतात, आम्ही भरून घेतो.”

“कौस्तुभ, तिनं सूप शुद्ध करून घेतलं. आमचा हात लागला होता म्हणून.”

त्याचे कान लाल झाले.

“पण… बारशाचं सूप ना ते? बाळाला निजवायचं?”

“हो. आमच्या हाताचं सूप बाळाला चालतं. हात चालत नाही.”

मग कौस्तुभनं पडदा तिच्याकडे वळवला. आठवणीची लांब निळी पट्टी होती, आणि शेवटाकडे एक लाल तुकडा. “अकरा सेकंद. हे यंत्रानंच कापलं. धारदार वस्तू, आरोप, उंच आवाज असं काही दिसलं की आपोआप लाल होतं. मी उघडून पाहिलं नाही. खरंच नाही. पहिल्याच दिवशी सात संचालकांना न कापता दाखवलं होतं. त्यातले दोघे टोपडं काढून बाहेर गेले. म्हणाले, आम्ही काय केलंय?”

“आणि ते अकरा सेकंद आता माझ्याकडे नाहीत.”

“तुमच्या हातात असतील,” तो पुटपुटला.

“म्हणजे?”

“सत्राच्या आधी ती सूचना येते ना? तळवे वर, बोटं सैल. ती उगाच नाही. हाताची आठवण वेगळ्या ठिकाणी राहते, मेंदूच्या मागे, खाली. पोहणं, सायकल, विणकाम. तिथं टोपडं पोचत नाही. दात्याचा हात झोपेत कामाला लागला, तर सगळ्यांचं स्वप्न त्या हातामागं जातं. आमची पट्टी घसरते.” त्यानं पडदा परत स्वतःकडे वळवला. “हे मी तुम्हाला सांगायला नको होतं.”

“मग विसरा,” मोनाली म्हणाली. “यंत्र आहेच तुमच्याकडे.”

*

शर्वाणीच्या केबिनला भिंती नव्हत्या. ती विविधता आणि समावेशन विभागाची संचालक, आणि भिंती माणसांना तोडतात असं तिचं मत होतं. केबिनऐवजी तिनं कोपऱ्यात एक मोठी झोपाळ्याची खुर्ची टांगून घेतली होती. मोनालीला तिनं समोरच्या उशीवर बसवलं.

“मोना, शुक्रवारी चाळीस कंपन्यांचे अधिकारी येतायत. एकत्र सत्र. तुझी आठवण चाळीस ठिकाणी जाईल! आणि हा त्या आठवणीच्या वापराचा कायमस्वरूपी परवाना.” तिनं काचेची पाटी पुढे केली. “सत्र संपल्यावर सही करायची सगळ्यांसमोर. त्याच क्षणी तू विभागप्रमुख. मी स्वतः भांडले तुझ्यासाठी.”

खोटं नव्हतं ते. शर्वाणी भांडली होती. शर्वाणी वाईट बाई नव्हती. वाईट बाई असती तर गोष्ट सोपी झाली असती.

“शर्वाणी, मूळ आठवण वेगळी होती.”

“माहितीय मला. मी पाहिलीय.”

मोनाली उशीवरून पुढे सरकली. “काय होतं तिच्यात?”

“राग होता गं.” शर्वाणीनं तिचा हात हातात घेतला. “नुसता राग. आणि राग जोडत नाही, तोडतो. आता बघ, लोक रडतात. जवळ येतात. तुला बरं नाही वाटत?”

“कोण चिडलं होतं? आई?”

“ते महत्त्वाचं आहे का आता?” झोपाळा हलला. “तू किती शांत झालीयस या वर्षभरात. सगळे म्हणतात. पूर्वी मीटिंगमध्ये कशी तडतडायचीस!”

हे मात्र मोनालीच्या ध्यानातच आलं नव्हतं. परत येताना तिनं आठवून पाहिलं. मागच्या महिन्यात तिचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं, तेव्हा ती काहीच बोलली नव्हती. घशात गोड आवंढा आला होता. आणि दूर कुठे तरी बासरी.

ज्याला दुखवलं, त्यानंच दुखणं असं गोड करून वाढायचं की दुखवणाऱ्याला पचलं पाहिजे. आणि वाढता वाढता एक दिवस त्याला स्वतःलाच ते गोड लागायला लागतं.

*

गुरुवारी रजा टाकून ती फलटणला गेली. सोबत एक लकी बांबू नेला. का नेला, तिलाच ठाऊक नव्हतं.

बुरूड गल्लीत आता चारच घरं काम करायची. बाकीच्या ठिकाणी मोबाइल आणि चप्पल. कलाबाई दारातच बसली होती, पायाच्या अंगठ्यात कळकाची कांब धरून, मांडीवर अर्धं विणलेलं सूप. साठी उलटलेली, दात दोन कमी, जीभ शाबूत.

“आलीस व्हय? सण न्हाई, वार न्हाई. नोकरी गेली का काय?”

“नाही गं आये. उद्या मोठी होणारे मी.”

“आजून किती मोठी व्हनार? पस्तिशीला आलीस.” तिची नजर बरणीवर गेली. “ह्ये काय आनलंस?”

“लकी बांबू.”

कलाबाईनं कांडं नखानं दाबलं, वास घेतला. “ह्यो कळक हाय? कुनी फसवलं गं तुला? ह्ये तर कसलं तरी झाडोऱ्याचं झाड हाय. ह्याची टाचणीबी व्हनार न्हाई.”

मोनाली हसायला लागली, आणि हसता हसताच विचारलं, “आये, वकिलीणबाईच्या दारात तू सूप तोडलं होतंस ना? बारशाचं?”

आईचे हात थांबले. “मी?”

“कोयत्यानं.”

“मी कशाला तोडू? दोन दिस खपले व्हते त्या सुपावर. डोळं गेलं माजं. तू तोडलंस.”

गल्लीतून एक रिक्षा गेली. मोनालीला तिचा आवाज फार लांबून आला.

“पाटीत कोयता व्हता, सुपाची कड तासायला. तिनं पानी शिंपाडलं, तुज्या तोंडाव थेंब उडालं. आन् तू उडी मारलीस. तिच्या हातातनं सूप वढलंस, उंबऱ्याव ठिवलंस, आन् घातलास घाव. एका घावात दोन भाग! म्या म्हन्लं, आगं बया, पोरगी हाय का कोन हाय! आन् वर त्या बाईला काय म्हन्लीस, ठावं हाय?”

“काय?”

“म्हन्लीस, घ्या, आता धुवा.”

मोनालीनं डोळे मिटले. वाट पाहिली. काही आलं नाही. कुणा दुसऱ्याच्याच पोरीची गोष्ट ऐकावी तसं वाटलं. चांगली गोष्ट, धीट पोरगी. पण आपली कुणी नव्हे.

“मग तू काय केलंस?”

“मी? तुज्या कानाखाली जाळ काढला.” कलाबाई खाली बघून कांब सोलायला लागली. “भ्याले व्हते. पेठंतलं गिऱ्हाईक. उद्या कुनी काम दिलं नसतं मंजी? तुला वढत आनली घरी. मग समद्या गल्लीला सांगत फिरले, तुज्या समोर सोडून. माजी पोर बघा, म्हन्लं. माजी पोर बघा.”

“मला आठवत नाही, आये.”

“आसं कसं?”

“मी ती आठवण ऑफिसला दिली. त्यांनी बदलली.”

यंत्रबिंत्र आईला कितपत कळलं कोण जाणे. ती लेकीकडे बघत राहिली, ताप मोजावा तशी. मग तिनं एक ओला कळक पुढं ढकलला आणि त्यावर कोयता ठेवला.

“बस हितं. फोड.”

“सतरा वर्षं झाली हात लावून.”

“तुला कोन इचारतंय? हाताला इचार.”

मोनाली मांडी घालून बसली. तळहाताला लाकडी मूठ लागली, गुळगुळीत, मधोमध खोलगट. कळक उभा धरायचा, पेरावर धार टेकवायची, मनगट सैल सोडून एकदम आवळायचं. हे तिला कुणी सांगितलं नाही. पहिला घाव वाकडा गेला. दुसरा बसला. तिसऱ्याला कळक उकलत गेला, पेरापेरातून टक् टक् टक् करत, आणि तो हिरवा आंबूस वास अंगावर आला.

आणि आधी मनगटात आलं. दृश्य नव्हे, वजन. नऊ वर्षांच्या मनगटाला झेपणार नाही एवढं वजन, आणि ते झेपल्याचा आनंद. दंडातून ते वर चढलं, जुन्या विहिरीत पाणी वाढावं तसं. मग कानशील गरम झालं. मग उंबरा दिसला, त्यावर दोन तुकडे झालेलं सूप. मागं एक चेहरा होता, धुकं नसलेला, गोरा, नाकात चमकी, तोंड उघडं. वकिलीणबाई घाबरली होती. एका पोरीला घाबरली होती.

मोनालीच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते अजिबात गोड नव्हतं.

तिला ठाऊक होतं, हे जसंच्या तसं ते नव्हे. यात आता आईचे शब्द मिसळलेत, आजचं ऊन मिसळलंय. शुद्ध आठवण कुणाकडेच नसते. पण हा पाक तिच्या घरात, तिच्या हातानं घट्ट होत होता.

“आला का?” आईनं विचारलं, जणू कुणी पाहुणा यायचा होता.

“आला.”

निघताना कलाबाईनं विणलेल्या पाटीच्या तळातून एक लाकडाचा तुकडा काढून दिला. वकिलीणबाईच्या दारातल्या त्या कोयत्याचं पातं कधीच गंजून गेलं होतं. मूठ तेवढी राहिली होती.

*

शुक्रवारी दुपारी सभागृहात पाहुण्यांच्या चाळीस खुर्च्या, चाळीस टोपडी, आणि मधोमध आणखी दोन. दारावरच्या तपासणीत लाकडाच्या तुकड्याला कुणी हरकत घेतली नाही. मोनाली मधल्या एका खुर्चीत आडवी झाली, ओढणी हातांवर ओढून घेतली. कौस्तुभ बंद बांधायला वाकला. ओढणीखाली त्याला काहीतरी दिसलं. त्यानं बंद बांधले, नीट, आणि यंत्रापाशी गेला. शर्वाणी शेजारच्याच खुर्चीत होती. आजच्या दिवशी तिलाही सोबत झोपायचं होतं.

दिवे निळे झाले. छतातून मऊ आवाज आला, “तळवे वर, बोटं सैल.”

चाळीस जणांनी तळवे वर केले. वरून कुणी पाणी ओतेल म्हणून धरावेत तसे.

आधी वास येतो. हिरवा, आंबूस. मग गार फरशी. मग पोपटी दार. आपण नऊ वर्षांचे. विणीतून सांडलेले उन्हाचे चौकोन नाकावर. दार उघडतं, धुक्याच्या तोंडाची बाई येते, तुळशीचं पान बुडवते. आपण चाळीस जण एका पोरीच्या डोळ्यांनी बघतो, किती हळू पडतात ते थेंब. गालावर, मानेवर. सगळं पांढरं व्हायला लागतं. बासरीचा पहिला सूर लागतो.

आणि आपल्या तळहाताला काहीतरी लागतं. लाकूड. मधोमध खोलगट.

बोटं मिटतात.

पांढरं टराटरा फाटतं. सुपावर हळदीकुंकू नाही, नुसतं पाणी आहे, आणि ते कशाला शिंपडलंय हे आपल्याला लख्ख कळतं, नऊ वर्षांच्या पोरीला कळतं तसं, कुणी न सांगता. धुक्यातून चेहरा बाहेर येतो. नाकात चमकी. तो ओळखीचा वाटतो. प्रत्येकाला आपापल्या घरातला वाटतो. मनगट सैल सुटतं आणि एकदम आवळतं. सूप दोन. बाईचं तोंड उघडं. आपल्या पोटातून आवाज येतो, आपल्याला ठाऊक नव्हता असा.

घ्या. आता धुवा.

मग कानाखाली जाळ.

चाळीस माणसं एका दमात जागी झाली. दिवे लागले तेव्हा चाळीस जण डावा गाल धरून बसले होते आणि चाळिसांची उजवी मूठ आवळलेली होती. कुणी रडत नव्हतं. कुणी मिठी मारायला उठलं नाही. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ आपल्या मुठीकडे असे बघत होते, की जणू ती दुसऱ्याच कुणाची तरी आहे. शेवटच्या रांगेत एक सावळ्या बाई होत्या. त्या मात्र मुठीकडे बघत नव्हत्या. त्यांनी ती मांडीवर तशीच मिटून ठेवली होती, जपून, आणि सरळ मोनालीकडे बघत होत्या.

“हे… हे काय होतं?” शर्वाणीनं विचारलं.

“अकरा सेकंद,” मोनाली म्हणाली.

“तू सगळं घालवलंस, मोना. एवढं सगळं. तुला कळतंय का?”

“आत्ताच कळायला लागलंय.”

शर्वाणीनं परवान्याची पाटी उचलायला हात पुढे केला, पण मूठ उघडेना. तिनं दुसऱ्या हातानं बोटं ओढून पाहिली. उघडेनात. तिचे डोळे पहिल्यांदाच खरे घाबरलेले दिसले. मोनाली जवळ गेली. वाकली. हनुवटीखालचे टोपड्याचे बंद सोडले, लहान मुलाचे सोडावेत तसे.

“बोटं सैल,” तिनं हळूच सांगितलं. “सुटतील हो. थोडा वेळ लागतो.”

आणि सही न करता ती दाराकडे निघाली. तिच्या वाटेतल्यांनी पाय मागे घेतले. तिची स्वतःची मूठ अजून आवळलेलीच होती. ती तिनं सैल केली नाही.